कागद जिथपर्यंत, तिथपर्यंत

बाई जाऊन आता चार महिने झाले. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. ती शाळेत शिकवत होती, त्यामुळे सगळ्या वॉर्डाचीही ती बाईच होती. तिच्याविषयी लिहायला बसतो तेव्हा आधी तिचा आवाज ऐकू येतो. कोणताही कागद वाचून झाला की ती एकच गोष्ट विचारायची, "अन् यात काय नाही आहे, ते वाच." तिचे माझ्यावर बरेच उपकार आहेत. त्यातल्या एकाबद्दल मी तिच्याशी कधी नीट बोललो नाही. तो इथे सावकाश लिहितो.

बालाघाटला आमचा वॉर्ड रेल्वेलाइनच्या पलीकडे होता. बहुतेक घरं भंडारा-गोंदियाकडून आलेली. कोणी मॅंगनीजच्या खाणीत, कोणी राइस मिलमध्ये, बायका घरी बिड्या वळायच्या. छप्पन्न साली वॉर्डाने धम्म स्वीकारला आणि दोन-तीन वर्षांत आमचा लहानसा कौलारू विहार उभा राहिला. त्या विहारात एक रीत पडली होती. रविवारी वंदना झाली की त्या आठवड्यात कोणाच्या घरी खाणीचा, शाळेचा, कचेरीचा जो कागद आला असेल, तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. तसा वाचून झाल्याशिवाय कोणी सही करायची नाही, अंगठा द्यायचा नाही. ही रीत कोणी घालून दिली ते मला आठवत नाही, पण ती कोणी मोडलेली मी पाहिली नाही.

आधी हे वाचन बाई करायची. ती मॅट्रिक झालेली, वॉर्डातली पहिली मुलगी. पुढे लालबर्र्याच्या शाळेत नोकरी लागली आणि ती शनिवारी संध्याकाळी घरी येऊ लागली, तेव्हा वाचन माझ्याकडे आलं. मी कॉलेजात होतो आणि माझं इंग्रजी तिच्यापेक्षा पुढे गेलं होतं. रविवारी ती बायकांमध्ये मागे बसायची आणि मी थांबलो की तिचा तो प्रश्न यायचा.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिची वॉर्डाची यात्रा ठरली. सारनाथ, गया, राजगीर, कुशीनगर आणि शेवटी लुंबिनी. चाळीस माणसं, एक बस, बावीस दिवस. विहाराच्या भिंतीवर या सगळ्या ठिकाणांचा एक नकाशा होता. खाणीच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने तो काढून दिला होता. प्रत्येक ठिकाणी एक लाल ठिपका, आणि ठिपक्यांना जोडणारी निळी रेघ. बाई शाळेतल्या पोरांना सिद्धार्थाच्या जन्माची गोष्ट इतकी रंगवून सांगायची की पोरं आपापल्या आयांना म्हणायची, बाई तिथं जाऊन आली आहे. ती गेलेली नव्हती. लुंबिनीला जायचं तिच्या मनात किती होतं हे मला माहीत होतं, कारण खर्चाची जुळवाजुळव, बसवाल्याकडच्या चकरा, गावोगावच्या धर्मशाळांना पत्रं, हे सगळं दोन वर्षं ती एकटी करत होती.

त्याच पावसाळ्यात शिवनीच्या रस्त्यावर माणसांनी भरलेला एक ट्रक उलटला होता. घराघरात भीती बसली. बाईने बसमालकाला विचारलं, गाडीच्या विम्यात आतल्या माणसांसाठी किती आहे. त्याला ते धड सांगता येईना. मग तिने गोंदियाहून एका विमा एजंटाला बोलावलं. तो म्हणाला, बालाघाटहून निघाल्यापासून बालाघाटला परत येईपर्यंत सगळ्यांचा मिळून एकच अपघात विमा निघतो. त्याने पॉलिसीचा छापील इंग्रजी नमुना आमच्याकडे ठेवला. मी डिक्शनरी घेऊन तीन दिवस त्याच्याशी झगडलो आणि रविवारी विहारात तो मराठीतून वाचला. एजंटही चटईवर बसून ऐकत होता.

मी वाचलं की प्रवासात, आपल्या देशात, बाहेरून झालेल्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या इजेमुळे मृत्यू आला, हात-पाय किंवा डोळे गेले, तर कंपनी भरपाई देईल. मग मी थांबलो. मागून बाईचा आवाज आला, "अन् यात काय नाही आहे?"

त्याची वेगळी यादी होती. आजारपण नाही. दारू पिऊन झालेली इजा नाही. स्वतःहून करून घेतलेली नाही. लढाई, दंगल नाही. शिकार, घोड्यांची शर्यत, दोर लावून पहाड चढणं नाही. गर्भारपण, बाळंतपण नाही.

"शिकारीले कोण जाऊन राह्यलं?" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"राजगीरचा डोंगर चढाचा आहे, त्याचं काय?" बाईने एजंटाला विचारलं.

"पायऱ्या आहेत ना, ताई. पायऱ्या चालतात."

"हगवण लागली तर?" एक म्हातारी म्हणाली.

"तो आजार झाला, आजी. त्याला काही मिळत नाही."

"मंग मी पाय घसरून पडीन, पण हगवण लागू देणार नाही."

वारस म्हणून कोणाचं नाव द्यायचं ते लिहिताना एका आजोबांनी बायकोचं नाव सांगितलं, आणि आजीने आजोबांचं. बाई म्हणाली, "आजोबा, दोघंही एकाच बसमध्ये आहात. बस पडली तर कोण कोणाचं घेईन?" आजोबांनी बराच विचार करून पोराचं नाव लिहायला सांगितलं. आजी म्हणाली, "मी हेच म्हणत होती, पण यायले वाईट वाटलं असतं."

आमच्या गल्लीत एक तरुण विधवा राहायची. माहेर तिरोडीचं, म्हणून तिला सगळे तिरोडीवाली म्हणायचे. खाणीवर खनिज निवडायला जायची. दोन लहान पोरं आणि सासू, घरात मिळवणारी ती एकटीच. तिच्या भावाने यात्रेचे पैसे दिले होते, पण सासू पाठवायला तयार नव्हती. त्या दिवशी सासूने सगळं वाचन कान देऊन ऐकलं. शेवटी उठली आणि सगळ्यांदेखत सुनेला म्हणाली, "कागद जिथपर्यंत चालते, तिथपर्यंत जाय. त्याच्या पुढं पाय टाकू नको. तुले काही झालं तर मी या पोरायले घेऊन कोणाच्या दारी जाऊ?"

"हौ," तिरोडीवाली म्हणाली.

सासूने बाईकडे पाहिलं. "अन् तू?"

"हौ माय," बाई म्हणाली. "कागदाच्या बाहेर मी तिले जाऊ देणार नाही."

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. त्या प्रवासाचं मला पुष्कळ आठवतं. सारनाथला पहाटे दवात भिजलेल्या विटा, गयेला आमच्या मायने वाळवंटासारख्या नदीत खड्डा करून काढलेलं पाणी, राजगीरच्या पायऱ्यांवर आजोबांनी दर वीस पायऱ्यांना "हे पायऱ्याच आहेत ना?" असं मला विचारणं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. कुशीनगरहून निघालो तेव्हा माणसं इतकी मोकळी झाली होती की बसमध्ये बायका उखाणे घेत होत्या.

दुपारी एका ढाब्यावर बस थांबली. ड्रायव्हर बाईला म्हणाला, "मास्टरनीजी, गाड़ी सुनौली तक जाएगी. आगे नेपाल है, मेरा परमिट उधर का नहीं है. उधर से ट्रक मिल जाता है."

"ठीक है, भैया," बाई म्हणाली आणि माणसांना जेवायला बसवायला गेली.

मी तिथेच उभा राहिलो. लुंबिनी नेपाळात आहे हे मला ठाऊक होतं. शाळेच्या परीक्षेत मी ते लिहिलं होतं. पॉलिसीच्या पहिल्याच ओळीत काय आहे हेही मला ठाऊक होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात तोवर एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. माझ्या पेटीतून पॉलिसीचा कागद काढून पाहिला. भारताच्या हद्दीत घडलेला अपघात, असे स्वच्छ शब्द होते. मी ते "आपल्या देशात" असं वाचलं होतं. वाचलं बरोबर होतं. चाळीस माणसांनी ते ऐकलं होतं. पण वाचताना माझ्या पाठीमागे भिंतीवर तो नकाशा होता, त्यात कोणतीच सरहद्द नव्हती, आणि त्या निळ्या रेघेवरचं प्रत्येक ठिकाण आम्हाला आपलंच वाटत होतं.

आणखी एक गोष्ट त्या ढाब्यावर मला कळली. ज्याला विमा लागू नाही ते सगळं "लागू नाही" या मथळ्याखाली असेल असं मी धरून चाललो होतो. आम्ही त्या यादीवर हसलो, प्रश्न विचारले, शंका फेडून घेतल्या. सर्वांत मोठी अट मात्र यादीत नव्हतीच. ती वर, जिथे कंपनी काय काय देईल ते सांगते, त्याच वाक्यात दोन शब्दांत बसलेली होती. बाईचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मी चुकीच्या पानावर शोधलं होतं.

गोरखपूरपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो. दोन्ही बाजूंना ऊस होता. मनात एकच चाललं होतं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आजवर काही झालं नाही, उद्याही होणार नाही. गप्प बसलो तर कोणालाही कळणार नाही, आणि बाईला लुंबिनी दिसेल. माय शेजारी बसली होती. तिने दोनदा विचारलं, "काहून रे, डोकं दुखते का?"

धर्मशाळेत पोचलो तेव्हा ऊन होतं. बाई नळावर लुगडी धूत होती. मी तिच्याजवळ जाऊन सांगितलं. तिने हातातलं लुगडं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं.

"कागद आण," ती म्हणाली.

ओळ तिने स्वतः बोट ठेवून वाचली. मग नळाच्या ओट्यावर बसली.

"हे तू वाचलं होतं?"

"हौ. आपल्या देशात, असं."

"हौ. मीही ऐकलं." कागद मला परत देत ती म्हणाली, "काय नाही ते विचारणारी मीच. मले बी नाही सुचलं."

मी म्हटलं, "मी सांगतो सगळ्यांना, माझी चूक झाली म्हणून."

"चूक कोणाची ते राहू दे. उद्या सकाळी वंदना झाली की वाच. पूर्ण वाच, एवढीच ओळ नको."

सकाळी धर्मशाळेच्या अंगणात मी पॉलिसी पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्या ओळीवर आलो तेव्हा बाई उभी राहिली आणि तिने तिचा अर्थ सांगितला. आज आपण सरहद्दीच्या पलीकडे जाणार, तिकडे हा विमा नाही. संध्याकाळी इकडे आलो की परत लागू. ज्याला यायचं त्याने यावं, ज्याला नाही त्याने राहावं, कोणी कोणाला काही म्हणायचं नाही.

आजोबांनी विचारलं, "म्हणजे तिकडे मेलो तर काही मिळत नाही?"

"नाही, आजोबा."

"अन् नाही मेलो तर?"

"तर कुठंच काही मिळत नाही."

"मंग मी नाही मरत," आजोबा म्हणाले. "चाला."

हगवणीवाली म्हातारी म्हणाली, "जिथं त्यायचा जन्म झाला, तिथंच हा कागद चालत नाही म्हणते."

बाई हसली. "आजी, त्यायची माय प्रवासातच होती. माहेरी जाऊन राह्यली होती, अन् दिवस भरलेले. तिले तर या कंपनीनं इकडंही काही दिलं नसतं." यादीतलं ते बाळंतपण सगळ्यांना अजून आठवत होतं. अंगणभर हसू पसरलं, आणि ताण उतरला.

सगळे तयार झाले. तिरोडीवाली तेवढी उठली नाही. बायका तिच्याभोवती जमल्या.

"चाल व. सासूले कोण सांगते?"

"ती बालाघाटात बसली आहे, तिले काय दिसते?"

तिचे डोळे बाईकडे लागले होते. "बाई, तुम्ही म्हणान तसं."

बाईने तेव्हा जो वेळ घेतला तो फार नव्हता. पण मी तिचा भाऊ, मला तिच्या चेहऱ्यावर दोन वर्षं दिसली. मग ती म्हणाली, "आपण दोघी थांबू. सरहद्दीपर्यंत संगं जाऊ, तिथं सैपाक करून ठेवू. हे लोक भुकेले येतीन."

मी तिला बाजूला घेतलं. "बाई, मी थांबतो. चूक माझी आहे. तू जा."

"अन् तिच्यासंगं तू थांबशीन? दिवसभर, परक्या मुलखात? तिची सासू तुले जितं ठेवणार नाही." मग आवाज उतरवून म्हणाली, "मी तिच्या सासूले शब्द दिला आहे रे. तू नाही दिला. अन् मायच्या हाताले तुहा हात पाहिजे. ट्रकमध्ये माह्यानं नाही सांभाळल्या जात तिले."

सुनौलीला त्या दोघी उतरल्या, एका चहावाल्याच्या मागे तीन विटा मांडल्या, आणि आम्ही ट्रकमध्ये चढलो. रस्ता कच्चा होता, धुळीने सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. लुंबिनीला तेव्हा फारसं काही नव्हतं. स्तंभ होता, तळं होतं, लहानसं देऊळ होतं, आणि चारही बाजूंना कापून झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. माणसं नमस्काराला वाकली, काही रडली. मला काही दिसेना. बाईच्या जागी मी उभा आहे एवढंच मनात येत होतं. मायने माझं मनगट ओढलं. "खाली काय पाह्यतं? नीट पाह्य. तिले सांगावं लागन." मग मायने स्वतः स्तंभाभोवती फेरी मारली, तळ्याच्या पायऱ्या मोजल्या, झाडाचं पान हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि जिथलं तिथे ठेवून दिलं.

ऊन कलताना परत आलो तेव्हा भात आणि वांग्याची भाजी तयार होती. बाईने मायला आधी वाढलं आणि समोर बसली.

"सांग."

"धानाच्या बांध्या आहेत. आपल्या लालबर्र्याकडं आहेत तशाच."

"खांब?"

"आहे. वरतून मोडला आहे. लोखंडाचं कडं घातलं आहे त्याले."

"तळ्यात पाणी होतं?"

"होतं. हिरवं. पायऱ्या मी मोजल्या, पण आता इसरली."

बाई पोरांची परीक्षा घ्यावी तशी एकेक विचारत होती, आणि माय न थकता सांगत होती. तिरोडीवाली हातात झारा घेऊन ऐकत उभी होती. सगळी पंगत त्या दोघींनी वाढली.

परत आल्यावर पहिल्या रविवारी बाईने विहारात तिरोडीवालीच्या सासूसमोर यात्रेचा वृत्तान्त सांगितला. कागद कुठे संपला, कोण पुढे गेलं, कोण थांबलं, काही लपवलं नाही. माझ्या वाचनाबद्दल मात्र एक शब्द नाही. "आपल्या ध्यानात आलं नाही" एवढंच म्हणाली.

सासूने विचारलं, "जे गेले त्यायले काही झालं?"

"नाही, माय."

"मंग तुम्ही दोघी काहून नाही गेल्या? इतक्या दूर जाऊन दारातून वापस आल्या. काय पागल आहात का?"

विहारात हशा पिकला. बाईही हसली. तिरोडीवालीने पदर तोंडाला लावला. पण त्या दिवसानंतर सासूने सुनेला कुठेही जायला अडवल्याचं मी ऐकलं नाही. काही वर्षांनी पोरं मोठी झाल्यावर ती सासू स्वतः सुनेला घेऊन लुंबिनीला जाऊन आली. बाईचं जाणं मात्र राहूनच गेलं. आधी शाळा होती, मग मायचं आजारपण, मग तिचे स्वतःचे गुडघे.

बाई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला तिरोडीवाली आली होती. आता तीही म्हातारी झाली आहे. माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी बाईनं जा म्हटलं असतं, तर मी गेली असती. अन् सासूले खोटं सांगितलं असतं. त्याच्यानंतर वीस वर्षं आम्ही दोघी एका चुलीवर होतो."

मी तिला विचारलं की त्या दिवशी तुम्ही दोघी तिथे दिवसभर काय करत होता.

"भाजी चिरत होतो. अन् बाई मले तिथलं सांगत होती, पोरायले वर्गात सांगायची तसं. मंग मी सासूसंगं गेली तं पाह्यलं, तसंच होतं सारं. ऊन जास्त होतं, एवढंच."

बाईच्या आयुष्यातली ती दोन वर्षं आणि तो एक दिवस हातचा गेला, त्यात माझा हात होता. आम्ही त्यानंतर आयुष्यभर बोललो, कधी कधी भांडलोही, जमिनीवरून, मायच्या औषधांवरून, माझ्या लग्नावरून. भांडणात माणूस जुनं काढतो. तिने हे कधी काढलं नाही. उलट मी नोकरीला लागलो तेव्हा घरी कोणाचा कागद आला की ती म्हणायची, "थांबा, तो येऊ द्या, तो बरोबर वाचते." मी एकदा तिला विचारलं होतं, असं काहून म्हणतेस. ती म्हणाली, "त्या दिवशी नळावर तू येऊन सांगितलं ना. न सांगता राहता आलं असतं तुले." एवढं बोलून ती वह्या तपासायला लागली, आणि मीही काही बोललो नाही. तेव्हा बोलायला हवं होतं.